टायर कडक नको, चिवट हवा

पावसाळा तोंडावर आला की मला हमखास विचारणा होते: "रानवाटांवर गाडी घालायची आहे, सगळ्यात कडक टायर कुठला?" इथेच गफलत होते. सह्याद्रीतला काळा दगड फुटतो तो धारदार कडांनी. दोन-अडीच टनांची फोर-बाय-फोर तसल्या कडेवर चढली की रबराला चीर पडणारच. ती पुढे सरकते की तिथेच थांबते, हे महत्त्वाचं.

घरीच बघा. जाडसर रबरबँड झटकन ताणा आणि लगेच ओठांना लावा, कोमट लागेल. तसाच ताणून मिनिटभर धरा, मग सैल सोडून परत लावा, गार लागेल. नैसर्गिक रबराचे रेणू म्हणजे लांबलचक दोऱ्यांचा गुंता. ताण आला की दोरे एका दिशेला सरळ होतात, एकमेकांना चिकटून बसतात आणि त्यांचे चिमुकले स्फटिक बनतात. तेव्हा उष्णता बाहेर पडते. चिरेच्या टोकाशी ताण सर्वांत जास्त, त्यामुळे स्फटिकही नेमके तिथेच उगवतात. चीर जिथून वाढू पाहते तिथलंच रबर घट्ट होऊन तिची वाट अडवतं! ताण गेला की स्फटिक विरतात. नैसर्गिक रबराच्या रेणूची, म्हणजे सिस-पॉलिआयसोप्रीनची, साखळी अगदी नियमित असते म्हणून हे साधतं. एसबीआर या कृत्रिम रबरात स्टायरीन आणि ब्युटाडाईन कसेही गुंफलेले, त्याला ते जमत नाही. ट्रकच्या आणि विमानांच्या टायरांत आजही नैसर्गिक रबरावर भर असतो तो यामुळे. आपल्या दोडामार्गच्या बागांत निघतो तो चीक हाच.

दुकानात 'टेन प्लाय' ऐकून भुलू नका. ते दहा थर नव्हेत, सुती धाग्यांच्या जमान्यातलं ताकदीचं माप आहे. भारांक वाचा: 112 म्हणजे एका टायरला 1120 किलो, 121 म्हणजे 1450. चिखलापेक्षा डांबरावरच जास्त फिरणार असाल तर एम-टी (मड टेरेन, चिखलासाठीचा) नको, ए-टी (ऑल टेरेन, सगळ्या वाटांसाठीचा) घ्या. बाजूवरचा चार आकडी शिक्काही बघा. 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. चाकाखाली लिंबू चिरडून टायरचं आयुष्य वाढत नाही. नायट्रोजनचंही फार कौतुक नको, साध्या हवेत तो 78 टक्के असतोच.

चिखलात, वाळूत हवा जरूर कमी करा, पण डांबराला लागताच परत भरा. मऊ टायरची बाजू दर फेऱ्याला दुमडते आणि त्यातली उष्णता रबरातच साठत जाते. आंबोलीहून उतरताना मी एकदा तसाच दहा-बारा किलोमीटर आलो होतो. खाली थांबून टायरच्या बाजूला तळवा लावला, तर टेकवेना.