बालभयकथा

साधारणपणे आठ ते तेरा वर्षांच्या वाचकांसाठी लिहिलेल्या, भीतिदायक वातावरणात घडणाऱ्या आणि त्या भीतीला मुलानेच सामोरे जाण्यावर उभ्या असलेल्या कथेला बालभयकथा म्हणतात. झपाटलेले घर, बंद दार, अंधारी विहीर, माणसाचे रूप घेतलेला राक्षस ही सामग्री मोठ्यांच्या भयकथेतही असते. बालभयकथेत मात्र आईवडील दूर गेलेले, आजारी किंवा मुलाच्या बोलण्यावर विश्वास न ठेवणारे असतात आणि संकटातून वाट काढण्याची जबाबदारी मुलावर येऊन पडते. अशा कथेच्या शेवटी भीती पुसली जातेच असे नाही. ती मनात असतानाही मूल पुढचे पाऊल टाकते, आणि चांगल्या बालभयकथेची खरी कसोटी तिथेच लागते.

मुलांना सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींत भीती फार जुनी आहे, परंतु दीर्घकाळ ती धाकासाठी वापरली गेली. फ्रेंच लेखक शार्ल पेरो याच्या १६९७ मधील संग्रहात लांडगा लाल टोपीवाल्या मुलीला खाऊन टाकतो आणि गोष्ट बोधपर पद्याने संपते. तिला वाचवणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या १८१२ मधील पाठात येतो. फ्रँकफुर्टचा डॉक्टर हाइन्रिख हॉफमान याने आपल्या लहान मुलासाठी रचलेल्या आणि १८४५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सचित्र पद्यकथांत अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे कात्रीवाला शिंपी कापून नेतो. मराठी घरांतला बागुलबुवा याच जातीचा. जेवत नाही, झोपत नाही, म्हणून त्याला बोलावले जाते, आणि त्याच्याशी दोन हात करण्याची सोय मुलाला कुणी दिलेली नसते.

ही सोय गोष्टीने द्यावी, हा विचार इंग्रज लेखक जी. के. चेस्टरटन यांनी १९०९ च्या निबंधसंग्रहात स्पष्टपणे मांडला. ड्रॅगनची ओळख मुलाला परीकथेमुळे होत नाही, ती त्याच्या कल्पनेत आधीपासूनच असते. परीकथा त्याला ड्रॅगनला मारणारा वीर पुरवते, असे त्यांचे प्रतिपादन होते. मॉरिस सेंडाक यांचे ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे १९६३ मधील चित्रपुस्तक याच विचाराच्या जवळ जाते. जेवणाविना खोलीत पाठवलेला मॅक्स राक्षसांच्या पिवळ्या डोळ्यांत पापणी न लववता पाहतो, त्यांचा राजा होतो आणि घरी परततो तेव्हा त्याचे जेवण अजून गरम असते. मानसतज्ज्ञ ब्रूनो बेटलहाइम यांनी हे पुस्तक स्वतः न वाचताच १९६९ मध्ये त्याच्यावर टीका केली होती. पुढे १९७६ मध्ये लोककथांतील भय मुलाच्या मनाला उपकारक असते, असा ग्रंथभर युक्तिवाद त्यांनीच केला.

धैर्याची सर्वांत नेमकी मांडणी नील गेमन यांच्या २००२ मधील ‘कोरलाइन’ या कादंबरिकेत आढळते. कोरलाइनला घरातल्या एका दारापलीकडे हुबेहूब दुसरे घर आणि डोळ्यांच्या जागी काळी बटणे असलेली ‘दुसरी आई’ सापडते. खरे आईवडील नाहीसे झाल्यावर ती त्या दारातून पुन्हा आत जाते, आणि जाताना मांजराला एक आठवण सांगते. गांधीलमाश्यांच्या पोळ्यावर पाय पडला तेव्हा वडील स्वतः डंख सोसत मागे थांबले आणि तिला पळून जाऊ दिले. नंतर पडलेला चष्मा आणायला ते पुन्हा तिथे गेले. त्यांच्या मते पहिल्या वेळी विचार करायला उसंतच नव्हती, म्हणून ते शौर्य नव्हे. दुसऱ्या वेळी काय होईल हे ठाऊक असून आणि भीती वाटत असूनही ते गेले. संपूर्ण कादंबरिका या प्रसंगाच्या आधाराने उभी आहे.

चिंता ही भीतीहून अवघड असते, कारण तिला समोर राक्षस नसतो. फिनलंडच्या स्वीडिश भाषिक लेखिका टूव्हे यान्सन यांच्या मूमिन या काल्पनिक जीवांविषयीच्या १९६२ च्या कथासंग्रहातील फिलिफ्योंक नावाचे पात्र काहीतरी भयंकर घडणार या धास्तीत जगते. चहाच्या वेळी ती मैत्रिणीला हे सांगू पाहते, पण मैत्रीण विषय टाळते. शेवटी वादळ खरोखर येते, चक्रीवात तिचे सगळे सामान उडवून नेतो आणि ती किनाऱ्यावर मोकळेपणाने हसते. पॅट्रिक नेस यांच्या २०११ मधील ‘अ मॉन्स्टर कॉल्स’ या कादंबरीची मूळ कल्पना कर्करोगाने दिवंगत झालेल्या लेखिका शिव्हॉन डाउड यांची होती. या कादंबरीत आजारी आईच्या कॉनर नावाच्या मुलाकडे यू नावाच्या वृक्षाचा राक्षस रात्री येतो, पण कॉनर त्याला फारसा भीत नाही. हे सगळे एकदाचे संपावे असे आपल्याला वाटते, ही स्वतःच्या मनातली गोष्ट उच्चारण्याचे भय त्याला अधिक आहे. मुलांच्या चिंतेबद्दल इतक्या प्रामाणिकपणे लिहिलेली पुस्तके विरळ आहेत.

मानसशास्त्रातील एका जुन्या प्रयोगाशी या कथांचे नाते जोडता येते. अमेरिकेत मेरी कव्हर जोन्स यांनी १९२४ मध्ये पीटर नावाच्या सुमारे तीन वर्षांच्या मुलाची सशाविषयीची भीती घालवल्याची नोंद प्रसिद्ध केली. मूल आवडीचे खात असताना पिंजऱ्यातला ससा थोडा थोडा जवळ आणला जाई, आणि अखेरीस ते सशाला कुरवाळू लागले. गोष्ट वाचतानाही अंतर मुलाच्या हाती राहते. पान मिटता येते, दिवसा वाचता येते, आवडलेला प्रसंग पुन्हा वाचता येतो. अर्थात झोप, शाळा आणि खाणेपिणे बिघडवणाऱ्या चिंतेवर पुस्तक हा उपचार नव्हे. तिथे तज्ज्ञांची मदत लागते.

मराठीत या प्रकाराचे बीज ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ या लोककथेत आहे. जंगलात वाघ भेटल्यावर म्हातारी ‘लेकीकडे जाईन, तूपरोटी खाईन, लठ्ठ होईन, मग मला खा’ असे सांगून वेळ मिळवते आणि त्याच वाटेने भोपळ्यात बसून परतते. वाट बदलत नाही, जनावरेही तीच असतात. म्हणूनच ही गोष्ट मुले पुन्हा पुन्हा मागतात. मोठ्यांसाठी गूढकथा लिहिणारे रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी ‘अलबत्या गलबत्या’ या बालनाट्यात चिंची चेटकीण रंगमंचावर आणली. दिलीप प्रभावळकरांनी आणि नव्या संचात वैभव मांगले यांनी साकारलेल्या या चेटकिणीला पाहून प्रेक्षागृहातली मुले दचकतात आणि हसतातही. बागुलबुवाला जे कधी मिळाले नाही ते तिला मिळाले, ते म्हणजे चेहरा आणि हार.

या साहित्याला विरोधही झाला. आर. एल. स्टाइन यांची १९९२ मध्ये सुरू झालेली ‘गूजबम्प्स’ मालिका मुलांत अफाट लोकप्रिय असतानाच ग्रंथालयांतून ती काढण्याच्या मागण्या होत होत्या. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या नोंदींनुसार १९९० ते १९९९ या दशकात सर्वाधिक आक्षेप ॲल्विन श्वार्ट्झ यांनी लोककथांवरून रचलेल्या ‘स्केरी स्टोरीज’ या त्रिखंडी संग्रहावर आले. स्टीफन गॅमेल यांची विस्कटलेल्या शाईतली चित्रे हे त्या आक्षेपांचे एक मोठे कारण होते. २०११ च्या आवृत्तीत ब्रेट हेल्क्विस्ट यांची सौम्य चित्रे घालण्यात आली, तेव्हा ही पुस्तके वाचत मोठे झालेले वाचक नाराज झाले. २०१७ मध्ये गॅमेल यांची मूळ चित्रे पुन्हा छापली गेली.