आधारमधील पत्ता आणि पिन कोड: अर्ज नेमका कुठे अडतो

आधारमधील पत्ता बदलून घ्यायला आलेल्या माणसाला मी सर्वांत आधी विचारते, की तुमचे पत्र कोणत्या पोस्टातून येते? बहुतेक जण तालुक्याचे नाव सांगतात, आणि अर्जाचा घोळ बहुधा तिथूनच सुरू झालेला असतो.

पिन कोड हा गावाचा क्रमांक आहे, असा समज पक्का बसला आहे. प्रत्यक्षात तो टपाल वाटणाऱ्या कार्यालयाचा क्रमांक आहे. एकाच नावाची अनेक गावे आणि पत्त्यांच्या नाना भाषा-लिप्या यांमुळे पत्रे भलतीकडे जात, म्हणून श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी आखलेली ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. पहिला अंक देशातील विभाग दाखवतो. आपला ४ हा अंक महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगड यांचा आहे. पहिले तीन अंक मिळून टपालाच्या वर्गवारीचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन अंक कार्यालय सांगतात. हा ‘जिल्हा’ जिल्हाधिकाऱ्यांचा जिल्हा नसतो, हे ध्यानात ठेवावे. साताऱ्याचा पिन ४१५००१ आणि रत्नागिरीचा ४१५६१२, म्हणजे सुरुवातीचे अंक तेच असले तरी जिल्हे दोन. तेव्हा आरंभीचे अंक शेजारच्या जिल्ह्याशी जुळतात एवढ्यावरून आपला पिन चुकला असे समजून तो बदलू नये.

खेड्यांत गुंता वाढतो, कारण शाखा डाकघराला सहसा स्वतंत्र पिन नसतो. ते ज्या उपडाकघराला जोडलेले असते त्याचाच पिन त्याला लागू होतो. म्हणून आसपासच्या अनेक गावांचा पिन एकच असू शकतो, आणि एकाच तालुक्यातील दोन गावांचे पिन वेगळे असू शकतात. आपल्याकडे ‘मु. पो.’ एका दमात लिहायची सवय आहे. मुक्काम आणि पोस्ट एकाच गावात असेल तेव्हाच ते बरोबर ठरते. वाडीत राहणाऱ्याने मुक्कामापुढे वाडीचे व गावाचे नाव लिहावे, आणि ज्या गावात डाकघर आहे त्याचे नाव ‘पो.’ पुढे वेगळे लिहावे. मागच्या पावसाळ्यात एका आजींचे पॅन कार्ड परत गेले. पाकिटावर गाव बरोबर होते, तालुका बरोबर होता, मात्र पिन तालुक्याच्या मुख्य बाजारपेठेचा होता. आजी दोन महिने रोज पोस्टमनची वाट पाहत होत्या.

खात्रीचा पिन मिळवायला कोणताही अर्ज किंवा शुल्क लागत नाही. डाक विभागाच्या संकेतस्थळावर डाकघराच्या नावाने शोधावे, किंवा सरळ गावातील शाखा डाकपालांना विचारावे. ‘पिन कोडचा दाखला आणा’ असे कोणी सांगितले, तर तशी मागणी कोणत्या नियमाने केली आहे, हे नम्रपणे पण जरूर विचारावे. लोकांना असे रिकामे हेलपाटे घालायला लावणे योग्य नाही.

आता कागदपत्रांविषयी. पुराव्याच्या कागदावर पिनच छापलेला नसतो, ही नेहमीची अडचण आहे. मूळ पत्ता बदलत नसेल, तर पिनसारखा राहिलेला तपशील अर्जात भरून पत्ता पूर्ण करता येतो. केवळ त्यासाठी नवा पुरावा शोधत फिरू नये. ज्यांच्याकडे पत्त्याचा एकही पुरावा नाही, भाड्याने राहणारे आणि नुकत्याच लग्न होऊन आलेल्या मुली यांत पुष्कळ असतात, त्यांना आधार देणाऱ्या प्राधिकरणाच्या (यूआयडीएआय) ठरावीक नमुन्यातील प्रमाणपत्र चालते. ते अधिकार असलेल्या व्यक्तीकडूनच घ्यावे लागते. ग्रामीण भागात सरपंचांचे चालते. मात्र ग्रामपंचायतीच्या नेहमीच्या रहिवासी दाखल्याला हा नमुना समजू नये. छायाचित्रावर अर्धा आणि कागदावर अर्धा असा शिक्का लागतो आणि खाडाखोड चालत नाही. या प्रमाणपत्राची मुदत ते दिल्याच्या तारखेपासून तीन महिने असते. पुष्कळ जण ते आणून कपाटात ठेवतात, शेतीची कामे उरकली की केंद्रावर जातात, आणि मुदत संपल्याने रिकाम्या हाताने परततात.

अर्ज भरताना पिन टाकल्यावर डाकघरांची यादी समोर येते. तिच्यात आपल्या डाकघराचे नाव नसेल, तर ते दिसेपर्यंत निरनिराळे पिन टाकून पाहू नयेत. आधी शाखा डाकपालांकडून पिन पडताळावा.

केंद्रावर माहिती भरून झाली की चालकाला पडदा आपल्याकडे वळवायला सांगावे आणि सहा अंक एकेक करून मोठ्याने वाचावेत. चष्मा घरी राहिला असेल, तर सोबतच्या कोणाकडून वाचून घ्यावेत, आणि मगच पोचपावती घेऊन उठावे.