अल्फा, एसईएम, बेस रेट : चाचणी-मूल्यमापनाच्या अभ्यासक्रमात हे शब्द आले कुठून?

चाचणी आणि मूल्यमापनाच्या पेपरची तयारी करणाऱ्या कुणाचीही वही उघडा, पहिल्या दहा पानांत तेच शब्द भेटतील. विश्वसनीयतेचे (गुण कितपत भरवशाचे) प्रकार, वैधतेचे (जे मोजायचं तेच मोजलं जातं का) प्रकार, मापनाची प्रमाणित त्रुटी म्हणजे एसईएम (गुण खऱ्यापासून साधारण किती इकडेतिकडे होऊ शकतो), बेस रेट (गटात मुळात किती जणांना तो आजार आहे), कट-ऑफ (निर्णयाची रेषा), टी-स्कोअर (सरासरी ५० धरून मांडलेला गुण). त्यापुढे चाचण्यांची नावं, त्या कुणी केल्या, कोणत्या साली केल्या. परीक्षा मानसशास्त्रज्ञाच्या परवान्याची असो की समुपदेशनाच्या प्रमाणपत्राची, हा भाग टळत नाही. बहुतेक जण तो घोकून काढतात. घोकलेलं चार दिवस टिकतं, आणि मग स्प्लिट-हाफ (चाचणीचे दोन भाग करून ताडणं) कधी आणि टेस्ट-रिटेस्ट (तीच चाचणी काही काळाने पुन्हा देणं) कधी, याची सरमिसळ सुरू होते.

माझीही झाली होती. ती सुटली ती इतिहास वाचल्यावर. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द कुणीतरी कुठेतरी फसलं म्हणून जन्माला आलेला आहे. ती फसगत लक्षात राहिली की सूत्र आपोआप लक्षात राहतं. म्हणून ही पार्श्वभूमी त्या क्रमाने मांडतो आहे.

सुरुवात फ्रान्सिस गाल्टनपासून होते. १८८४ साली लंडनमधल्या आरोग्यविषयक आंतरराष्ट्रीय प्रदर्शनात त्याने एक मापनकक्ष उभारला. तीन पेन्स द्यायचे आणि पकडीचा जोर, नजर, कान, प्रतिक्रियेचा वेग मोजून घ्यायचे. नऊ हजारांहून जास्त लोक मोजून गेले. गाल्टनची धारणा अशी होती की ज्ञान इंद्रियांतूनच येतं, तेव्हा ज्याची इंद्रियं तल्लख त्याची बुद्धीही तल्लख. याच काळात दोन मापांचा एकमेकांशी संबंध आकड्यात कसा पकडायचा, हा प्रश्न त्याच्यापुढे उभा राहिला आणि १८८८ मध्ये सहसंबंधाची कल्पना त्याने मांडली. आज आपण वापरतो ते सूत्र कार्ल पिअरसनने १८९६ मध्ये नीट बसवलं.

जेम्स मकीन कॅटेलने १८९० मध्ये ‘मेंटल टेस्ट’ हा शब्दप्रयोग रूढ केला आणि गाल्टनच्या धर्तीवरच्या चाचण्या कोलंबिया विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांना देऊ लागला. १९०१ मध्ये त्याचाच विद्यार्थी क्लार्क विस्लर याने सहसंबंधाचं नवं हत्यार या चाचण्यांवर चालवलं. प्रतिक्रियेचा वेग आणि कॉलेजातले गुण यांचा संबंध जवळजवळ शून्य निघाला. इतक्या वर्षांची मोजमापं, आणि ज्यासाठी मोजली त्याच्याशी त्यांचं काहीच नातं नाही! निकष-वैधता हा शब्द पुढे कितीतरी वर्षांनी आला, पण त्याचा अर्थ या एका निकालात पुरता सामावलेला आहे. चाचणी बाहेरच्या कुठल्यातरी निकषाला लावून पाहिल्याशिवाय तिच्या आकड्याला किंमत नाही.

या निकालाला दुसरी बाजूही आहे, आणि परीक्षेत विचारली जाते ती बहुधा तीच. विस्लरचे सगळे जण कॉलेजात पोचलेले, म्हणजे आधीच निवडून आलेले. गुणांचा विस्तार तोकडा असला की सहसंबंध खाली येतो. शिवाय मोजमापं मोजक्याच प्रयत्नांवर घेतलेली, म्हणून डळमळीत. मापातल्या त्रुटीमुळे सहसंबंध आक्रसतो आणि तो किती आक्रसला याचा हिशेब करता येतो, हे चार्ल्स स्पिअरमनने १९०४ मध्ये दाखवलं. ‘वैधतेची कमाल मर्यादा विश्वसनीयता ठरवते’ हे वाक्य सगळेच पाठ करतात. त्याचं मूळ इथे आहे.

आता पॅरिसला. १९०४ मध्ये फ्रेंच सरकारने एक समिती नेमली. शाळेत मागे पडणाऱ्या आणि वेगळी मदत लागणाऱ्या मुलांना ओळखायचं कसं, हा प्रश्न होता. आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ मध्ये तीस कृती चढत्या अवघडपणाने लावल्या. पहिली कृती पेटत्या काडीकडे मूल नजर वळवतं का, ही. शेवटाकडे अमूर्त शब्दांतला फरक सांगायचा होता. इंद्रियांचं मापन सोडून बिने थेट समज, निर्णय आणि विचार यांकडे वळला, आणि जे गाल्टनला जमलं नाही ते त्याला जमलं. १९०८ च्या आवृत्तीत कृती वयाप्रमाणे गटांत बसवल्या आणि मानसिक वयाची कल्पना आली. मदत कुणाला द्यायची हे कळावं, एवढाच बिनेचा हेतू होता. मुलाची बुद्धी कायमची ठरलेली असते, हे म्हणणं त्याला मान्य नव्हतं. १९११ मध्ये तो गेला आणि त्याच्या मापाचा ताबा इतरांकडे गेला.

विल्यम स्टर्नने १९१२ मध्ये मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागलं. लुईस टर्मनने १९१६ च्या स्टॅनफर्ड आवृत्तीत त्या भागाकाराला शंभराने गुणलं, आणि बुद्ध्यांक हा शब्द घराघरांत पोचला. पाच वर्षांचं मूल सहा वर्षांच्या मुलाइतकं करत असेल तर १२०. दहा वर्षांचं बारा वर्षांच्याइतकं, तरी १२०. इथवर ठीक. पण चाळिशीच्या माणसाचा बुद्ध्यांक १२० म्हणजे तो अठ्ठेचाळीस वर्षांच्या माणसाइतका हुशार, असं म्हणायचं का? भागाकार लहानपणीच अर्थ देतो, मोठेपणी कोसळतो.

हा पेच डेव्हिड वेक्स्लरने १९३९ मध्ये सोडवला. न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयात त्याच्यासमोर प्रौढ रुग्ण असायचे. त्याने भागाकार टाकूनच दिला. माणसाची तुलना त्याच्याच वयोगटाशी करायची, गटाचा मध्य १०० धरायचा, प्रमाण विचलन (गुण मध्यापासून साधारण किती पसरतात ते) १५ धरायचं. १३० म्हणजे मध्यापासून दोन विचलनं वर, म्हणजे साधारण ९८ वा शतमक (शंभरातल्या ९८ जणांच्या वर). प्रसामान्य वक्र (गुणांची घंटेच्या आकाराची वाटणी) हा तयारीचा पहिला धडा का असतो, हे इथे कळतं. वक्राचे टक्के पाठ असतील तर बुद्ध्यांक, टी-स्कोअर, झेड-स्कोअर (मध्यापासून किती विचलनं दूर) सगळे एकाच पट्टीवर येऊन बसतात. एक खाचखळगा मात्र सांगून ठेवतो. स्टॅनफर्ड-बिनेने १९६० मध्ये ही पद्धत स्वीकारली तेव्हा विचलन १६ धरलं होतं. १५ वर ती आली २००३ च्या पाचव्या आवृत्तीत. जुन्या प्रश्नसंचात १६ दिसलं की छपाईची चूक समजू नका.

मधल्या काळात एक मोठी घटना घडून गेली होती. १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली आणि रॉबर्ट यर्क्सच्या पुढाकाराने सैन्यासाठी सामूहिक चाचण्या तयार झाल्या. वाचता येणाऱ्यांना आर्मी अल्फा, वाचता न येणाऱ्यांना किंवा इंग्रजी न जाणणाऱ्यांना आर्मी बीटा. सुमारे साडेसतरा लाख जवानांना त्या दिल्या गेल्या. अल्फातले काही प्रश्न जवळून पाहण्यासारखे आहेत. बाजारातलं अमुक नावाचं उत्पादन काय आहे, तमुक माणूस बेसबॉल खेळतो की चित्रं काढतो. बीटात चित्रातला राहिलेला भाग काढायचा होता : टेनिसच्या मैदानावर जाळी नाही, ग्रामोफोनला कर्णा नाही. ज्याने टेनिस कधी पाहिलंच नाही त्याने ती जाळी कुठून काढायची? बोटीतून उतरून दोन वर्षं झालेल्या मजुराचा गुण त्यामुळे खाली आला, आणि तो त्याच्या बुद्धीच्या नावावर लिहिला गेला. हे वाचताना आजही माझा जीव तुटतो.

कार्ल ब्रिगमने या आकड्यांवरून १९२३ मध्ये वंशावंशांतल्या बुद्धीची प्रतवारी लावली. १९३० मध्ये आपले निष्कर्ष टिकत नाहीत, असं त्यानेच जाहीरपणे लिहिलं. सात वर्षांनी का होईना, त्याने ते लिहिलं याला मी मोल देतो. पण तोवर व्हायचं ते नुकसान झालं होतं. चाचणीतला पक्षपात, प्रमाणीकरणाचा नमुना कुणाचा, भाषांतरित चाचणी वापरावी का, हे सारे प्रश्न अभ्यासक्रमात या वाटेने आले. न्यायालयांनी त्यात भर घातली. १९७१ च्या ग्रिग्ज विरुद्ध ड्यूक पॉवर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की नोकरीसाठी चाचणी घ्यायची तर तिचा त्या कामाशी संबंध असला पाहिजे. हेतू वाईट नव्हता, हा बचाव पुरेसा नाही.

व्यक्तिमत्त्वाच्या चाचण्याही त्याच युद्धातून निघाल्या. आघाडीवर कोण कोसळेल हे आधीच ओळखण्यासाठी रॉबर्ट वुडवर्थने हो-नाही प्रश्नांची यादी केली. अडचण उघड होती. प्रश्नाचा रोख कळला की हवं ते उत्तर देता येतं. स्टार्क हॅथवे आणि जे. सी. मॅकिन्ली यांनी १९४३ मध्ये प्रकाशित केलेल्या एमएमपीआय या व्यक्तिमत्त्व-चाचणीने वेगळी वाट धरली. प्रश्न वरवर काय विचारतो याला महत्त्व न देता, रुग्णांचा गट आणि इतरांचा गट त्याला वेगवेगळं उत्तर देतो का, एवढंच पाहायचं. शिवाय खोटं बोलणं, अतिशयोक्ती आणि बचावात्मकता टिपायला एल, एफ, के या पट्ट्या. तुलनेचा गट मात्र मुख्यतः मिनेसोटातल्या विद्यापीठ रुग्णालयात नातेवाइकांना भेटायला आलेल्या लोकांचा होता. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत २६०० जणांवर नवी मानके बांधली, आणि लक्ष वेधणारी टी-स्कोअरची रेषा ७० वरून ६५ वर आली. रोर्शाकच्या चाचणीत शाईच्या डागांत काय दिसतं ते सांगायचं. त्या दहा डागांची गोष्ट १९२१ ची. हर्मान रोर्शाक पुढच्याच वर्षी वारला आणि गुणांकनाच्या निरनिराळ्या शाखा फुटल्या. त्यांना एकत्र बांधायचं काम जॉन एक्सनरने १९७४ मध्ये केलं. दोन परीक्षकांचे गुण जुळतात का, हा प्रश्न इथे जितका टोचतो तितका क्वचितच दुसरीकडे टोचत असेल.

उरलेला बहुतेक अभ्यासक्रम १९५० च्या दशकातला आहे. चाचणीचे दोन भाग करून त्यांचा सहसंबंध काढायची रीत जुनी. पण भाग अर्धा झाला की विश्वसनीयताही घटते, म्हणून १९१० पासून स्पिअरमन-ब्राउन दुरुस्ती वापरात होती. अर्ध्यांचा सहसंबंध ०.६० असेल तर पूर्ण चाचणीचा ०.७५ होतो. पण दोन भाग करायचे कसे? सम-विषम केले तर एक उत्तर, पहिला-दुसरा अर्धा केला तर दुसरं. कूडर आणि रिचर्डसन यांनी १९३७ मध्ये बरोबर-चूक प्रश्नांसाठी यावर तोड काढली. त्यांच्या लेखातलं विसावं सूत्र ते केआर-२०. ली क्रॉनबॅकने १९५१ मध्ये तीच कल्पना सर्व प्रकारच्या प्रश्नांना लागू केली, तो अल्फा. आता टेस्ट-रिटेस्टशी गल्लत होणार नाही. अल्फा प्रश्नाप्रश्नांतला मेळ सांगतो, काळ गेल्यावर गुण टिकतात का याबद्दल तो काहीच सांगत नाही.

वैधतेच्या प्रकारांत दर पुस्तकात वेगळा आकडा दिसतो, त्यालाही इतिहासच कारण. अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेच्या १९५४ च्या शिफारशींत चार प्रकार होते. १९६६ मध्ये भाकीत-वैधता (पुढचं सांगता येतं का) आणि समकालीन वैधता (आजच्या निकषाशी जुळतं का) निकषाखाली एकत्र आल्या आणि तीन उरले. १९९९ च्या मानकांत प्रकार हा शब्दच मागे पडला. वैधता एकच, तिचे पुरावे पाच ठिकाणांहून येतात, अशी मांडणी झाली, आणि २०१४ च्या आवृत्तीने ती पुढे चालवली. प्रश्न कोणत्या भाषेत विचारला आहे ते पाहिलं की उत्तर कोणत्या काळातलं हवं आहे ते कळतं.

बेस रेटवर थोडं थांबायला हवं, कारण माझ्या मते संपूर्ण पेपरात रोजच्या कामाला सगळ्यात जास्त उपयोगी हीच गोष्ट आहे. पॉल मील आणि अल्बर्ट रोझेन यांनी १९५५ मध्ये ती चिकित्सकांपुढे ठेवली. हजार माणसं घ्या. त्यांत आजार असणारे दोन टक्के, म्हणजे वीस. चाचणी चांगली आहे : आजार असलेल्यांपैकी ९० टक्के पकडते, नसलेल्यांपैकी ९० टक्क्यांना सोडते. विसांतले अठरा सापडले. उरलेल्या ९८० पैकी ९८ जण विनाकारण पकडले गेले. एकूण पॉझिटिव्ह ११६, खरे अठरा. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या सहा जणांतला जेमतेम एक आजारी. हा हिशेब एकदा स्वतः कागदावर मांडा. संवेदनशीलता (आजारी किती पकडले), विशिष्टता (निरोगी किती सोडले) आणि भाकिताची ताकद (पॉझिटिव्हांत खरे किती) यांतला फरक पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

एसईएमचंही तसंच. विचलन १५ आणि विश्वसनीयता ०.९१ असेल तर त्रुटी साडेचार. ९५ टक्के खात्रीने बोलायचं तर दोन्ही बाजूंना जवळपास नऊ गुण सोडावे लागतात. अहवालात ‘बुद्ध्यांक ६८’ एवढंच लिहिणारा त्या मुलापासून ही नऊ गुणांची जागा काढून घेतो.

परवान्याच्या परीक्षा त्यामानाने अलीकडच्या. अमेरिकेत मानसशास्त्रज्ञांसाठी पहिला कायदा कनेक्टिकट राज्याने १९४५ मध्ये केला, आणि अमेरिका-कॅनडात वापरली जाणारी ईपीपीपी ही मानसशास्त्रज्ञांची परवाना-परीक्षा १९६५ पासून घेतली जाऊ लागली. अशा परीक्षांना त्या ज्या विषयाचे प्रश्न विचारतात तेच नियम लागतात. प्रत्यक्ष व्यवसायात लोक काय काम करतात याची पाहणी करून घटकांचं वजन ठरतं, ती आशय-वैधता. उत्तीर्णतेची रेषा ठरवायला अनेक परीक्षा विल्यम अँगॉफच्या नावाची पद्धत वापरतात : किमान पात्रतेचा उमेदवार हा प्रश्न सोडवण्याची शक्यता किती, असा अंदाज तज्ज्ञ प्रश्नागणिक बांधतात. ईपीपीपीच्या ज्ञानविषयक पेपरात २२५ प्रश्न असतात आणि त्यांतले १७५ च गुणांत धरतात. उरलेले पन्नास अजून तपासायचे असतात. ते कोणते, हे उमेदवाराला सांगितलं जात नाही. त्यांची काठिण्यपातळी आणि भेदकता (जाणकार आणि नवखे यांना वेगळं करण्याची ताकद) त्याच्याच उत्तरांवरून काढली जाते, आणि त्यांतले जे टिकतात ते पुढच्या कुणाच्या तरी पेपरात गुणांसाठी येतात.