पडका म्हणूनच बांधलेला बुरूज

केंब्रिजपासून नैऋत्येला चौदाएक किलोमीटरवर विम्पोल इस्टेट आहे. हवेलीच्या उत्तरेला उतरत गेलं की तळी लागतात. चिनी धाटणीचा पूल ओलांडायचा आणि मेंढ्यांच्या लेंड्या चुकवत टेकडी चढायची. माथ्यावर उंच बुरूज आणि ढासळलेली तटबंदी. इथे कधीकाळी मोठी लढाई झाली असणार, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात हा गढीचा नुसता देखावा. अशा बांधकामाला इंग्रजीत ‘फॉली’, म्हणजे खुळेपणा म्हणतात. आपण म्हणू, हौसेला मोल नाही.

ही इस्टेट १७४० मध्ये लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे देशाचे सर्वोच्च न्यायाधिकारी, हार्डविक यांनी घेतली. अठराव्या शतकात धनिकांना सरळ रांगांच्या बागांचा कंटाळा येऊ लागला होता. बाग चित्रासारखी दिसावी, आणि चित्रात पडका किल्ला हवाच! सँडरसन मिलर हा हौशी वास्तुरचनाकार असे पडके किल्ले काढण्यात तरबेज. १७४९ मध्ये त्याला निरोप गेला : आत राहायला खोली नको, हवेलीतून बघायला जुन्या गढीच्या भिंती तेवढ्या हव्यात. मागची बाजू झाडीत झाकली जाणार, तेव्हा तिच्याकडे लक्ष देऊ नका. थोडक्यात, नाटकाचा सेट.

आराखडा मात्र वीसेक वर्षं पडून राहिला. बुरूज उभा राहिला तो हार्डविक यांच्या मुलाच्या काळात, १७६८ ते १७७२ दरम्यान, नामवंत उद्यानरचनाकार ‘केपेबिलिटी’ ब्राऊनच्या देखरेखीखाली. तळ्यांचं कामही त्याचंच.

पुढे इस्टेटीचे दिवस फिरले. १९३८ मध्ये ती विकत घेतली एल्सी बॅम्ब्रिज आणि तिच्या नवऱ्याने. एल्सी म्हणजे मुंबईत जन्मलेल्या रुडयार्ड किपलिंगची मुलगी. वडिलांच्या पुस्तकांच्या मानधनातून तिने हवेली सावरली. १९७६ मध्ये तिच्या मृत्यूनंतर सगळं नॅशनल ट्रस्ट या वारसा जपणाऱ्या संस्थेकडे आलं.

तोवर खोटा भग्नावशेष खरोखरच ढासळू लागला होता. त्याचा दगड खडूच्या जातीचा, मऊ. पाऊस आणि थंडी त्याला सोसत नाही. दुरुस्ती करणाऱ्यांपुढे गमतीचा पेच होता. मिलरने मुद्दाम मोडलेली कड तशीच ठेवायची आणि पावसाने मोडलेली तेवढी सांधायची. या कामाला २०१६ मध्ये युरोपा नोस्ट्रा हा वारसा-जतनासाठीचा युरोपीय पुरस्कार मिळाला.

याच उद्यानाच्या गवताखाली मध्ययुगीन वस्त्या आहेत, हवेलीभोवती मोकळी जागा हवी म्हणून उठलेल्या. टेकडी उतरताना ऊन तिरपं असेल तर त्यांच्या शेतांचे सरी-वरंबे स्पष्ट दिसतात. मेंढ्या त्यांवरच चरत असतात.