जड पाणी, मराठवाड्यातील

जड पाणी : कॅल्शियम व मॅग्नेशियम यांचे क्षार विरघळलेले, साबणाला सहजी फेस न येऊ देणारे पाणी. शालेय पुस्तकांत यालाच कठीण किंवा दुष्फेन पाणी म्हटले आहे. कठिणता कॅल्शियम कार्बोनेटाच्या तुल्य प्रमाणात, मिलिग्रॅम प्रति लिटरमध्ये (मिग्रॅ./लि.) सांगतात. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात (आयएस १०५००, २०१२) ही मर्यादा २०० मिग्रॅ./लि. आहे, दुसरा स्रोत नसल्यास ६०० पर्यंत पाणी चालते. ही मर्यादा पिणाऱ्यासाठी आहे. गिझर, सोलर आणि कूलर यांना २०० च्या खालचे पाणीही त्रास देऊ शकते.

उगम : मराठवाड्याचा बहुतांश भाग दख्खनच्या बेसाल्टावर (लाव्ह्यापासून बनलेल्या काळ्या खडकावर) वसला आहे. देगलूर, बिलोली, किनवट या नांदेडच्या पूर्वेकडील तालुक्यांत मात्र ग्रॅनाइट व पट्टिताश्म (नाइस) हे खडक लागतात. बेसाल्टाचे वय पूर्वी फार मोठ्या पट्ट्यात सांगितले जाई. अलीकडील कालमापनानुसार लाव्ह्याचा मोठा भाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, भूशास्त्रीय दृष्टीने थोड्याच काळात बाहेर आला असावा. या खडकातील प्लॅजिओक्लेज व पायरॉक्सीन या खनिजांत कॅल्शियम आणि मॅग्नेशियम भरपूर असते. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना कार्बन डायऑक्साइड घेऊन सौम्य आम्ल बनते, खनिजे कुजवते आणि बायकार्बोनेटे घेऊन खाली उतरते.

एवढ्याने सगळे उलगडत नाही. काळ्या जमिनीत दोन-चार फुटांवर चुनखडीचे खडे लागतात. पाण्यातील कॅल्शियम मुख्यतः त्यांतून येते, असे दुसरे मत आहे. ही चुनखडी झिरपत्या पाण्याने मातीतच साचवली, की उथळ भूजल केशाकर्षणाने (मातीच्या बारीक छिद्रांतून शोषले जाऊन) वर चढून आटल्यामुळे साचली, यावरही एकमत नाही. पाण्याची पातळी कधीच वर आली नसावी अशा चढाच्या जमिनीतही हे खडे मिळतात, म्हणून पहिली उपपत्ती अधिक पटते. तरी चुनखडीतला कॅल्शियमही शेवटी बेसाल्टातूनच आलेला असल्याने बेसाल्टाचे व चुनखडीचे ही दोन मते परस्परविरोधी मानण्याचे कारण नाही. तिसरे मत सिंचन, खते आणि सांडपाण्याकडे बोट दाखवते. मलमूत्र व खतांतील नत्राचे नायट्रेट होताना आम्ल सुटते आणि ते कार्बोनेट विरघळवते. गावठाणातल्या आडाचे पाणी शिवारातल्या विहिरीपेक्षा जड असेल आणि त्यात नायट्रेट व क्लोराइडही वाढलेले असतील, तर तिथे हे कारण प्रबळ समजावे.

बोअर जितका खोल तितके पाणी जड, हा समज सरसकट खरा नाही. बेसाल्टाच्या पोकळ्यांतील झिओलाइट (स्फटिकी खनिजे) आणि चिकणमातीतील खनिजे कॅल्शियम धरून ठेवून सोडियम सोडतात. काही खोल बोअरचे पाणी त्यामुळे हाताला बुळबुळीत लागते, त्यातील एकूण क्षार जास्त असतात, पण कठिणता कमी भरते.

नळाचे पाणी : छत्रपती संभाजीनगरला पैठणच्या जायकवाडीतून, लातूरला धनेगावच्या मांजरा धरणातून, नांदेडला मुख्यतः विष्णुपुरीतून पाणी येते. धरणाचे पाणी सहसा बोअरपेक्षा हलके असते. उन्हाळ्यात साठा आटतो तशी त्याची कठिणता वाढते. पण घरातल्या टाकीत निव्वळ नळाचे पाणी क्वचितच असते. नळ काही दिवसांआड येतो, मधले दिवस बोअर किंवा टँकरवर निघतात आणि सगळे एकाच हौदात पडते. नळाचे पाणी १५० आणि बोअरचे ६०० मिग्रॅ./लि. असेल, तर दोन भाग नळ व एक भाग बोअर यांचे मिश्रण ३०० भरते. नगरपालिकेचा अहवाल पाहून घरच्या गिझरचा अंदाज बांधणे म्हणूनच फसते. नमुना गिझरला जाणाऱ्या नळाचा घ्यावा.

मापन : टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) दाखवणारा मीटर कठिणता मोजत नाही. तो विद्युतवाहकतेवरून सर्व क्षारांचा अंदाज देतो, त्यात मीठही आले. कठिणतेसाठी पाण्याचा सामू (पीएच) १० ला आणून ईडीटीएचे अनुमापन करतात, म्हणजे कॅल्शियम व मॅग्नेशियम बांधून घेणारे हे रसायन थोडे थोडे मोजून घालतात. एरिओक्रोम ब्लॅक टी या दर्शकाचा रंग दारूसारख्या लालवरून निळा झाला की थांबतात. हीच पद्धत थेंब मोजण्याच्या घरगुती किटमध्ये असते. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळांतही ही तपासणी होते. अहवालात एकूण कठिणतेसोबत अल्कलिनिटीचा (पाण्याच्या आम्ल शमवण्याच्या क्षमतेचा, मुख्यतः बायकार्बोनेटांचा) आकडा जरूर घ्यावा. दोन्हींपैकी लहान आकडा म्हणजे तात्पुरती कठिणता, आणि तापवल्यावर थर धरते ती हीच. उरलेली कठिणता क्लोराइड, सल्फेट इत्यादींची. ती साबण खाते, पण गिझरमध्ये सहसा बसत नाही.

उपकरणांवरील परिणाम : पाणी तापले की कॅल्शियम बायकार्बोनेट फुटते, कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट मागे राहते. तात्पुरती कठिणता ३०० असलेले ६० लिटर पाणी रोज तापवले, तर त्यात १८ ग्रॅम कार्बोनेट असते. त्याचा दहावा भाग जरी टाकीत बसला, तरी वर्षाला साडेसहाशे ग्रॅम होतो. क्षार बसल्याने गिझर खूप वीज खातो, असे सर्रास सांगतात. पाण्यात बुडालेल्या कॉइलची उष्णता अखेर पाण्यातच जाते, त्यामुळे विजेचे नुकसान मर्यादित असते. खरे नुकसान कॉइलचे होते. थराआड ती प्रमाणाबाहेर तापते, आवरण तडकते, पाणी आत शिरते आणि एमसीबी किंवा ईएलसीबी (बिघाड होताच वीज तोडणारे स्विच) पडू लागतो. गॅस गिझर व सोलरमध्ये मात्र उष्णता धातू किंवा काचेच्या पलीकडून यायची असल्याने तिथे थराने इंधन आणि ऊन दोन्ही वाया जाते. फ्लॅट प्लेट सोलरच्या तांब्याच्या बारीक नळ्या तर पूर्ण बुजतात.

साफ करण्यासाठी एमसीबी बंद करून पाणी गार होऊ द्यावे, इनलेट कॉक बंद करून टाकी रिकामी करावी आणि फ्लँजचे नट सोडून कॉइल बाहेर काढावी. १ लिटर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व (सायट्रिक आम्ल) घालून त्यात ती बुडवावी. १०० ग्रॅम थराला सुमारे १३० ग्रॅम लिंबूसत्त्व लागते, म्हणून बुडबुडे थांबले की द्रावण बदलावे. ते उकळू नये. कॅल्शियम सायट्रेटचा पांढरा साका बसतो आणि काम अडते. बाथरूमचे अॅसिड वापरू नये, ते कॉइलचे आवरण खाते. ब्लीचिंग पावडरशी त्याचा संबंध आला तर विषारी क्लोरीन सुटतो. बसवताना गॅस्केट नवे घालावे. मॅग्नेशियमच्या अॅनोड रॉडची (टाकीला गंजापासून वाचवणाऱ्या कांडीची) आतली तार दिसू लागली असेल तर तोही बदलावा. थर्मोस्टॅट ५०–५५ अंश सेल्सिअसवर ठेवल्यास थर सावकाश धरतो.

कूलरमध्ये उष्णतेचा संबंध नाही. तिथे निव्वळ पाणी उडते आणि क्षार मागे राहतात. ६० लिटरच्या टाकीतून २४० लिटर उडेपर्यंत नुसती भर घालत गेल्यास उरलेले पाणी मूळच्या पाचपट खारे होते, गवत किंवा हनीकोंबवर पांढरी साल चढते आणि पंप अडकतो. मे महिन्यात दर तीन-चार दिवसांनी टाकी पूर्ण उपसणे हाच त्यावर इलाज. आरओचे वाया जाणारे पाणी कूलरला घालू नये, ते आधीच अधिक जड झालेले असते. वॉशिंग मशीनची इनलेट जाळी अधूनमधून काढून धुवावी; हीटर असलेल्या मशीनला १०० ग्रॅम लिंबूसत्त्वासह ६० अंशांचे रिकामे आवर्तन द्यावे.

सॉफ्टनर : जड पाणी हलके करणारे यंत्र. यातील रेझिन (कृत्रिम राळेचे बारीक मणी) कॅल्शियम घेऊन सोडियम देते. व्यवहारात १ लिटर रेझिन सुमारे ५० ग्रॅम कठिणता धरते. २५ लिटर रेझिनातून ५०० मिग्रॅ./लि. कठिणतेचे अडीच हजार लिटर पाणी निघते. नंतर ३ ते ४ किलो मिठाच्या सुमारे १० टक्के द्रावणाने ते ताजे करतात. टीडीएस उतरत नाही म्हणून यंत्र बिघडले असे समजू नये. ते उतरणारच नसते. अशा पाण्यात लिटरमागे सुमारे २३० मिग्रॅ. सोडियम वाढतो, त्यामुळे स्वयंपाक व पिण्याची लाइन सॉफ्टनरच्या आधीच वेगळी काढावी. पाइपाला बांधायच्या चुंबकीय पट्ट्यांबाबत प्रयोगांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत. त्यांनी कठिणता कमी होत नाही, हे थेंबांच्या किटने घरीच पडताळता येते.