पर्यायी उपाय (रिट याचिका)

कायद्याने दाद मागायची दुसरी परिणामकारक सोय ठेवली असेल, तर उच्च न्यायालय राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खालील रिट याचिका (सरकारी आदेशाविरुद्ध थेट उच्च न्यायालयात मागितलेली दाद) सहसा हाती घेत नाही. या तत्त्वाला पर्यायी उपायाचे तत्त्व म्हणतात. अधिकार नसतो असे नव्हे. न्यायालय तो स्वतःहून आवरते. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने मात्र दुसरा उपाय असताना रिट घेण्यास सक्तीची मनाई केली होती. ४४ व्या दुरुस्तीने (१९७८) ती उठवली.

कोकणात या तत्त्वाशी गाठ पडते ती बहुधा सातबाऱ्यावरून. सामाईक आमराई गावात, निम्मे हिस्सेदार मुंबईला. गणपतीला घरी आल्यावर कळते, वारस नोंदीत आपले नावच नाही. मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केलेल्या फेरफाराविरुद्ध महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २४७ नुसार प्रांताकडे अपील होते. मुदत ६० दिवस. ती टळली तर सबळ कारण देऊन विलंब माफी मागायची. वाद मालकीचाच असेल तर दिवाणी न्यायालय, कारण फेरफाराने मालकी ठरत नाही. हे सगळे टाळून कोणी थेट रिट केली, की पहिलाच प्रश्न येतो : अपील केले का? 'मुदत गेली म्हणून इथे आलो' हे उत्तर फारच लंगडे. शिवाय वहिवाट कोणाची, सही खरी की खोटी, हे साक्षीपुराव्याचे काम. रिटमध्ये ते सहसा होत नाही. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या याचिका ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाच्या कोल्हापूर सर्किट बेंचकडे (खंडपीठाकडे) जातात, तिथेही हाच नियम.

प्रकल्पांच्या पर्यावरण मंजुरीविरुद्ध राष्ट्रीय हरित लवादाकडे ३० दिवसांत अपील करता येते. मात्र लवाद असला तरी उच्च न्यायालयाचा रिट अधिकार शाबूत राहतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये स्पष्ट केले.

या तत्त्वाचे अपवाद सर्वोच्च न्यायालयाच्या 'व्हर्लपूल' निकालात (१९९८) एकत्र सांगितले आहेत : मूलभूत हक्काचा प्रश्न, नैसर्गिक न्यायाचा भंग, अधिकारच नसताना दिलेला आदेश, किंवा कायद्याच्याच वैधतेला आव्हान. जमिनीच्या प्रकरणांत यांतला दुसरा वरचेवर पुढे केला जातो : नोटीस न बजावता नोंद फिरवली. पण अपिलातही हा मुद्दा घेता येतो, त्यामुळे तेवढ्यावर याचिका दाखल करून घेतली जाईलच, असे नाही.