'लागतच नाही' आणि 'लागतं, पण होत नाही'

बद्धकोष्ठाचा विषय निघाला की आमच्या फोंड्यात जो तो वैद्य होतो. पाणी पी, पपई खा, रात्री चूर्ण घे. समोरच्याला नेमकं काय होतंय, हे मात्र कोणी विचारत नाही. थायरॉइड ठीक, लोहाच्या गोळ्या नाहीत, बाकी तपासण्याही स्वच्छ, आणि तरी महिनोन्‌महिने पोट साफ होत नाही, अशांना तर हे विचारायलाच हवं. कारण 'लागतच नाही' आणि 'लागतं, पण होत नाही' ही दोन वेगळी दुखणी आहेत.

पहिलं सगळ्यांना ठाऊक आहे. आतडं संथ, चार-चार दिवस संडासला लागतच नाही, मग खडे होतात. (दिवसातून तीनदा ते आठवड्यातून तीनदा, यातलं काहीही नॉर्मल असू शकतं. रोज सातच्या ठोक्याला झालंच पाहिजे हा हट्ट सोडा.) पांढऱ्या पावाऐवजी कोंड्याची पोई (आमचा गोव्याचा गव्हाचा पाव), इसबगोल आणि सोबत पेलाभर पाणी, तेवढ्याने भागलं नाही तर डॉक्टरांना विचारून लॅक्टुलोज किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉल ही मल मऊ करणारी औषधं.

घोळ होतो तो दुसऱ्यात. गुदाशयाच्या मागून प्युबोरेक्टालिस नावाचा स्नायू गोफणीसारखा वळसा घालतो आणि त्याला पुढे ओढून धरतो. बागेतला पाइप मुडपला की पाणी अडतं ना, तसंच. शौचाला जोर केला की हा स्नायू सैल पडायला हवा. काहींचा नेमका तेव्हाच आवळतो. म्हणजे माणूस एकाच वेळी दार ढकलतोय आणि कडीही घालतोय, आणि हे त्याच्या गावीही नसतं. अर्धा तास बसून कुंथायचं, उठल्यावर अजून राहिलंय असं वाटायचं, काहींना तर बोटाने काढावं लागतं. हे लाजेने कोणी बोलत नाही. मल मऊ असूनही कुंथावं लागत असेल, तर संशय इथेच घ्या.

अशा माणसाला कोंडा वाढवून दिला की बंद दारामागे गर्दी वाढते, पोट फुगतं. सोनामुखीचं चूर्ण आतड्याला वरून चाबूक मारतं, कडी काढत नाही. 'नैसर्गिक आहे' म्हणून वर्षानुवर्षं ते फाकणाऱ्यांपुढे मी हात टेकले आहेत.

इथे मुख्य उपचार बायोफीडबॅक: पडद्यावर स्वतःच्या स्नायूची हालचाल बघत, जोर करताना तो सैल सोडायला शिकायचं. बहुतेकांना गुण येतो, पण काही आठवडे नेटाने करावं लागतं. कमोडवर पायांखाली पाट घ्या, गुडघे कमरेच्या वर येऊ द्या. उकिडवं बसल्यावर तो मुडपा बराच सरळ होतो.

लक्षणांवरून अंदाज बांधता येतो, खात्री होत नाही. दोन्ही एकत्रही असतात. म्हणून मॅनोमेट्री (गुदाशयातला आणि गुदद्वारातला दाब मोजणं) आणि फुग्याची चाचणी करतात: गुदाशयात ठेवलेला, साधारण 50 मिली पाणी भरलेला फुगा मिनिटभरात बाहेर टाकता येतो का, ते बघतात. रक्त पडतंय, वजन उतरतंय किंवा पन्नाशीत अचानक सवय बदलली, तर या दोन्हींत न अडकता आधी कोलोनोस्कोपीचं, म्हणजे मोठं आतडं दुर्बिणीने तपासण्याचं, विचारा.

आणि डॉक्टर बोटाने तपासतो म्हणाले तर नको म्हणू नका. 'आता जोर करा' म्हटल्यावर स्नायू सुटतो की आवळतो, हे त्यांना तिथल्या तिथे जाणवतं.